दसऱ्याचा कापूर एन्झाइमच्या पोटात

मी फोटोग्राफर होते. लग्नमुंजींची नव्हे, प्रोटीनची. परळच्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात, क्ष-किरणांच्या यंत्रापाशी माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथे काढलेले फोटो एकाला एक चिकटवले असते तर लालबागच्या पुलाला दोन्ही बाजूंनी कागद लावून झाला असता. आमच्या गिरगावातल्या वाडीत मात्र शेवटपर्यंत समज होता की मी हाडांचे एक्स-रे काढते. समोरच्या माळ्यावरचे नाना एकदा दुखरा गुडघा घेऊन सरळ संस्थेच्या फाटकावर हजर झाले. मी त्यांना आत नेलं, यंत्र दाखवलं आणि म्हटलं, "नाना, हे यंत्र मिठाच्या कणाहून मोठं काही बघत नाही."

नाना यंत्राकडे बघत म्हणाले, "मग पगारही तसाच देत असतील."

घरचे म्हणतात, ललिता सांगते त्यातलं निम्मं खरं असतं. निम्मं! आमच्या संचालकांनीही माझ्यावर कधी एवढा विश्वास दाखवला नव्हता. तेव्हा वाचकहो, तुम्हीही निम्म्यावर या. फक्त कापराची गोष्ट सांगेन ती पूर्ण घ्या, कारण तिला साक्षीदार आहेत आणि त्यातली एक परबीणबाई आहे. तिच्यासमोर खोटं बोलायची माझी टाप नाही.

आधी धंदा समजावते. झाडाला सुगंध, कडूपणा, रंग, औषध यातलं काहीही बनवायचं असलं की ते एन्झाइमला कामाला लावतं. एन्झाइम म्हणजे प्रोटीनचा एक गुंडाळलेला गोळा. कारखान्यात ज्याला भट्टी, आम्ल आणि आरडाओरडा लागतो, ते काम हा गोळा पानाच्या आत, उन्हात उभ्या उभ्या, आवाज न करता उरकतो. कसं उरकतो? त्याचं उत्तर त्याच्या आकारात असतं. त्याच्या पोटात एक पोकळी असते, आणि सगळी कारागिरी तिथे चालते. ती पोकळी बघायची तर फोटो हवा. पण एकट्या रेणूचा फोटो निघत नाही. अब्जावधी रेणू शाळेच्या कवायतीसारखे रांगेत उभे करावे लागतात, म्हणजे स्फटिक बनवावा लागतो. त्यावर क्ष-किरण टाकले की ठिपके मिळतात, ठिपक्यांवरून गणित, आणि गणितातून एक ढगाळ नकाशा. त्या ढगात अणू बसवत जायचं.

स्फटिक बनवायची रीत अशी: प्रोटीनचा थेंब काचेला लटकवायचा, खाली मिठाचं पाणी ठेवायचं, कडेला ग्रीस लावून झाकण घट्ट बसवायचं आणि थंड कपाटात ठेवून द्यायचं. थेंब हळूहळू आटतो. प्रोटीनला लहर आली तर स्फटिक होतो, नाही आली तर पिठलं. माझ्या कारकिर्दीत मी जेवढं पिठलं पाहिलं तेवढं झुणका-भाकर केंद्रवाल्यांनीही पाहिलं नसेल.

आणि गिऱ्हाइकं! एका औषध कंपनीचे साहेब सूट घालून, पेढे घेऊनच आले. "मॅडम, स्फटिक मिळाला! काय रूप आहे बघा, हिऱ्यासारखा!" मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. फारच देखणा होता, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. प्रोटीनचा स्फटिक निम्मा पाण्याने भरलेला असतो, सुई लावली की खरवसासारखा मऊ तुटतो. मी सुई लावली. 'कट्ट' असा आवाज आला, आणि मी शपथेवर सांगते, तो वरच्या मजल्यावरच्या कँटीनपर्यंत ऐकू गेला. मीठ! साहेबांनी आठवड्यांमागून आठवडे मीठ वाढवलं होतं. ते खुर्चीत बसले आणि स्वतःच आणलेला पेढा खाऊ लागले. मी म्हटलं, "असू दे साहेब, गोडावर मीठ झालं."

तर अशा या तळघरात सुमेधा आली. माहीमच्या बाजारामागे राहणारी, बारीक, हट्टी, मान खाली घालून बोलणारी पण बोलायचं ते बोलणारी. पीएच.डी. करत होती. तिचं एन्झाइम सह्याद्रीतल्या एका रानटी झुडपाचं होतं. झुडपाचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या दादरच्या फूलबाजारात जुड्या बांधून विकायला येईल. त्याची पानं चुरगाळली की कापराचा भपकारा येतो. कापूर बनायच्या वाटेवरची सगळ्यात अवघड पायरी हे एन्झाइम करतं.

ती पायरी नीट ऐका, सगळी गंमत तिथे आहे. एन्झाइमकडे येते ती दहा कार्बनची एक लुळी साखळी, मागे फॉस्फेटची शेपटी. बाहेर पडतो तो एक गच्च गोळा: कडी, आणि कडीवर पूल. लुळ्या दोरीचा चेंडू! मोकळ्या पाण्यात त्या साखळीची शेपटी तोडलीत तर ती दिसेल त्या वाटेने जाईल, पंचवीस प्रकारचे पदार्थ होतील. एन्झाइमच्या पोटात मात्र ठरलेलाच गोळा होतो.

मला हे लगेच पटलं, कारण मी गिरगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढले. सुट्टीत कोकणातून दहा पाहुणे यायचे. मैदानावर ते कसेही आडवेतिडवे पसरले असते, पण आमच्या खोलीत कोणाचे पाय कुठे आणि डोकं कुठे, हे पाहुणे ठरवत नसत. कपाट, मोरी आणि पलंगाचा पाय ठरवायचे. एन्झाइमची पोकळी ही अशीच खोली.

फक्त एक अडचण. शेपटी तुटली की त्या साखळीवर धनभार येतो आणि ती पिसाळते, मिळेल त्याला धरते. जवळ पाण्याचा एक रेणू जरी असला तरी ती त्याला चिकटते आणि खेळ खलास. पाणी म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. दार उघडं दिसलं की आत येऊन, "काय चाललंय?" म्हणून बसणार, आणि पाहुण्यांची बसवलेली सगळी मांडणी तिथेच मोडणार. म्हणजे एन्झाइमने कामाच्या वेळी दार लावून घेतलं पाहिजे आणि पाण्याला बाहेर ठेवलं पाहिजे.

आणि सुमेधाच्या प्रत्येक फोटोत दार उघडं! आत पाणीच पाणी. शेपटीसारखा फॉस्फेटचा तुकडा आणि ती धरून ठेवणारं मॅग्नेशियम आम्ही थेंबात घालतच होतो, पण दाराचा भाग नकाशात दिसायचाच नाही. फोटो काढताना जो हलतो तो धूसर येतो, तसं ते दार सतत हलत होतं. उघड्या दाराचे असे फोटो आधी इतरांनीही काढलेले होते. नुसत्या त्यांच्यावर प्रबंध उभा राहत नव्हता. सुमेधाची शिष्यवृत्ती संपलेली, घरी धाकटा भाऊ कमवायला लागून टोमणे मारायला लागलेला. बंद दार दाखवलं तर पदवी, नाहीतर इतक्या वर्षांचं पिठलं.

आणि एके दिवशी बंद दार मिळालं. एका ट्रेमधल्या एकाच थेंबात. पडद्यावर नकाशा उभा राहिला तेव्हा मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावरचे प्रयोगाचे उंदीर पिंजऱ्यात उभे राहिले. दार गच्च मिटलेलं, पाणी हुसकलेलं. पण पोकळीच्या मधोमध एक ढग होता, गोलसर, बटाट्यासारखा. कोणीतरी आत बसलं होतं! आम्ही थेंबात असलं काहीच घातलं नव्हतं.

सुमेधा हळूच म्हणाली, "मॅडम, हा कापरासारखा दिसतो."

दिसायलाच हवा. कापूर हा त्याच गोळ्याच्या दोन पायऱ्या पुढचा, म्हणजे त्या खोलीच्याच घरातला माणूस. पण तिचे मार्गदर्शक डॉ. केळकर, सज्जन पण चिवट, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कापूर तू घातलास थेंबात?"

"नाही सर."

"ललिताबाईंनी?"

"मी कशाला घालू?" मी म्हटलं.

"मग तो काय परळ स्टेशनवर उतरून चालत आला? सुमेधा, ढगात ज्याला हत्ती हवा असतो त्याला हत्ती दिसतो. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार. पुन्हा करून दाखव, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं."

आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप हेच, हवं ते दिसणं. सरांचं चुकत नव्हतं. सुमेधाने पुन्हा लावलं. तेच प्रोटीन, तेच मीठ, तेच कपाट. दार उघडं. पुन्हा लावलं. उघडं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून कँटीनवाला तिला न मागता चहा द्यायला लागला.

मला मात्र कुतूहलाने झोप येईना. आत बसलेला तो कोण आणि आला कुठून? शेवटी मी तो जुना ट्रे बाहेर काढायला लावला. आता माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. गिरगावात गच्चीवर उभी राहून मी माहीमच्या खाडीला ओहोटी लागली की नाही ते सांगू शकते. मी त्या ट्रेचं एक झाकण उचललं आणि ग्रीसचा वास घेतला.

"सुमेधा, तू घे बघू."

तिने वास घेतला. तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम, देवळात आल्यासारखं वाटतंय."

कापूर उघड्यावर ठेवला की उडून जातो. उडतो म्हणजे वाफ होऊन हवेत पसरतो, आणि ग्रीस, प्लास्टिक, कशातही मुरतो. कपाटात कुठेतरी कापूर असेल, तर तो ग्रीसमधून थेंबात उतरणार आणि थेंबातून एन्झाइमच्या पोटात. पण प्रयोगशाळेच्या थंड कपाटात कापूर ठेवणार कोण?

संशयित एकच. दर दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू, क्ष-किरण यंत्राला झेंडूची माळ. एका वर्षी सेंट्रिफ्यूजवरची माळ काढायची राहिली आणि कोणीतरी यंत्र सुरू केलं. त्या पाकळ्या अजून छताला आहेत. पूजेची पुढारी भांडार सांभाळणारी परबीणबाई. लालबागच्या चाळीतली, आवाज असा की तिला फोनची गरज नव्हती. पण सुमेधाचा तो ट्रे लागला त्या वर्षी सुरक्षा समितीने फर्मान काढलं होतं: प्रयोगशाळेत ज्योत लावायची नाही. पूजा बंद.

आम्ही दोघी भांडाराच्या खिडकीशी गेलो.

"परबीणबाई, दसऱ्याचा कापूर कुठे ठेवला होतात?"

"खयचो कापूर?" ती हातमोज्यांचे खोके मोजत राहिली. "कापूरबिपूर बंद आसा. समितीन सांगल्यान ना?"

"आधी आणून ठेवला असेल."

"माका काय म्हायती!"

"मावशी," सुमेधा म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलंत तर माझी पदवी जाईल."

परबीणबाईने खोका खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या परीने आवाज खाली आणला, म्हणजे फक्त दोन मजल्यांना ऐकू जाईल इतका. "हाडलंय होतो. तेच्या आधीच हाडलंय. मगे ह्येंनी पूजा बंद केली. पुडी भायर ठेवली तर उडान जाता मगे! मिरी घातलंय तरी उडता. म्हणान तुमच्या थंड कपाटात मागे सारून ठेवलंय. साफसफाई आली तेव्हा काढून घेतलंय. गुन्हो केलंय?"

मी तिला मिठी मारली. सुमेधा पाया पडायला वाकली तशी ती घाबरली. "अगो, समितीक सांगशात तर बघा!"

गुन्हेगार सापडला, आता शिक्षा सोपी: कापूर मुद्दाम घालायचा. केळकर सर म्हणाले, "घालायचा तर शुद्ध घालायचा, देवघरातला नाही." परदेशी कंपनीची बाटली मागवली. एवढीशी, पण तिच्यावर शुद्धतेची इतकी प्रशस्ती की वाचून आपणच अशुद्ध वाटावं. सुमेधाने थेंब लावले, आम्ही फोटो काढले.

दार उघडं. आत पाणी.

पुन्हा. उघडं.

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसता पुसता म्हणाले, "सुमेधा, आता थांबू या. ते प्रकरण काढून टाक, उरलेल्यावर काय लिहिता येतं बघू." त्यांचाही आवाज पडला होता. सुमेधा उठली. यंत्राचा पडदा बंद करून तिने त्यावर धूळ बसू नये म्हणून घालतात ते कापड घातलं, आणि मला ते एखाद्या मयतावर घातल्यासारखं वाटलं.

परबीणबाईला ही बातमी कळली तेव्हा तिला दुःख वेगळंच झालं. ती तळघरात आली. "माझो कापूर खय वापरलास?"

"मावशी, तुमचा नाही. चांगला मागवला."

"चांगलो! आणि माझो काय वायट? लालबागच्या बाजारातलो आसा. माझो घाल."

"अहो, पण शुद्ध वापरून झालं नाही तर—"

"घाल म्हणतंय ना!" आणि पदराखालून पुडी निघाली.

आम्ही निव्वळ तिचं मन राखायला तो घातला. दोघींनाही आशा नव्हती. आणि जे व्हायचं ते झालं: सगळ्या थेंबांत स्फटिक, आणि ज्याचा फोटो काढावा त्याचं दार मिटलेलं! आत तोच गोलसर पाहुणा.

आता मला सांगा, शुद्ध चालत नाही आणि बाजारचा चालतो, हे कुठलं शास्त्र? सर गोंधळले, सुमेधा गोंधळली, परबीणबाई तेवढी गोंधळली नाही. तिच्या मते देवाचा कापूर तो देवाचा. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि पाहुण्याला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहू लागले. या वेळचा स्फटिक इतका स्वच्छ होता की ढगाला नाकडोळे आले होते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी आपले दोन्ही हात समोर धरले.

उजवा आणि डावा हात सारखेच असतात: पाच बोटं, तळवा, सगळं तेच. पण उजव्याचा हातमोजा डाव्याला बसत नाही. कापराचंही तसंच आहे. उजवा कापूर आणि डावा कापूर, एकमेकांची आरशातली रूपं. झाड यातला एकच बनवतं. कंपनीच्या बाटलीत शुद्ध माल होता, पण शुद्ध उजवा. बाजारात पूजेसाठी मिळणारा कापूर बहुतेक कारखान्यात बनतो, आणि कारखान्याला हात कळत नाहीत. त्यात डावे-उजवे निम्मे निम्मे असतात. सुमेधाच्या झुडपाचं एन्झाइम होतं डावखुरं! परबीणबाईच्या पुडीतून त्याने डावे तेवढे वेचून घेतले होते.

का वेचले, तेही नकाशात लिहिल्यासारखं दिसत होतं. पोकळीच्या एका भिंतीतून कार्बनच्या कड्यांची बनलेली एक जाड बाजू आत आलेली होती, आमच्या खोलीतल्या कपाटासारखी. डाव्या कापराचा उंचवटा तिच्या शेजारच्या फटीत बरोबर बसत होता. उजव्याचा थेट कपाटावर आदळला असता. डावा आत बसला की भिंतींना टेकायला काहीतरी मिळायचं, शेपटीचा तुकडा आणि मॅग्नेशियम दारापाशी पकड घ्यायचे आणि दार मिटायचं. आणि त्या कड्यांची मेहेरबानी एवढ्यावर थांबत नव्हती. त्यांच्या अंगावर इलेक्ट्रॉनांची साय असते. शेपटी तुटून साखळी पिसाळली की तिचा धनभार हीच साय शांत करत असणार. म्हणजे पाण्याला बाहेर ठेवणं, पाहुण्यांना वळवून निजवणं, चिडलेल्याच्या पाठीवर हात फिरवणं, ही सगळी कामं एकाच खोलीच्या भिंती करत होत्या. एन्झाइम रेटत नाही, ओढत नाही. ते फक्त जागा अशी ठेवतं की दुसरं काही घडूच नये.

सुमेधाने मग डाव्या कापराची शुद्ध बाटली मागवली. दार मिटलं.  सर चष्मा कपाळावर चढवून पडद्यावर वाकले आणि मला म्हणाले, "ललिताबाई, हत्तीच होता हो."

हल्ली संगणक स्फटिकाशिवायच एन्झाइमचा आकार सांगतात. निवृत्तीनंतर मीही एकाला आमचं एन्झाइम विचारून पाहिलं. चहा उकळायच्या आत त्याने दारासकट सगळं काढून दाखवलं. मान खाली घालावी असं सुंदर. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी तिथेही पडद्याला नाक लावून पाहिलं. वास नव्हता.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधाचं एक पान उघडून बोट ठेवलं. "तुम्ही प्रयोगाच्या साहित्याच्या यादीत लिहिलंय, 'कापूर, पूजेचा, लालबाग बाजार'. असं कोणी लिहितं का?"

सरांनी ती ओळ काढायला तिला दोनदा सांगितलं होतं. सुमेधा मान वर करून म्हणाली, "सर, पहिला स्फटिक त्यानेच दिला. शुद्ध कापराने दिला नव्हता. दुसरं काही लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं."

परीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं. मग निकालासाठी आम्हा सगळ्यांना बाहेर थांबवलं. थोड्या वेळाने दार उघडून सर बाहेर आले ते 'डॉक्टर सुमेधा' अशी हाक मारतच. मी काय केलं ते सांगत नाही, कारण त्यावर निम्माही विश्वास बसणार नाही.

जिन्यात परबीणबाई उभी होती. "झाली पास?"

"झाली!"

"मगे माझो उरलेलो कापूर द्या. गेल्या दसऱ्याची पूजा रवली आसा."

फर्मान अजून होतंच, म्हणून आम्ही सगळे मागच्या मोकळ्या आवारात गेलो. तिथे ज्योत लावायला समितीची हरकत नव्हती. सुमेधाने एक रिकामा ट्रे आणला होता, यंत्रांच्या वतीने. परबीणबाईने त्याला हळदकुंकू लावलं, पुडी उघडली, उरलेला सगळा कापूर बशीत ओतला आणि सुमेधाच्या हातात काडेपेटी दिली. डावे-उजवे एकदमच पेटले. मी वाकून बघत होते. बशीत राख उरली नाही, काहीच उरलं नाही.

पुडीत मात्र काळी मिरी होती, एकूण एक. परबीणबाईने ती बोटाने चाळवली आणि वैतागून म्हणाली, "कापूर उडू नये म्हणान घातलंय हती. काय्येक कामाची नाय!"

सुमेधाने तिच्या हातून ती पुडी घेतली, नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.